आधी झाड, मग झोळी

रत्नागिरी

चि. सोन्यास,


"आत्या, झोळी कुठली घेऊ तेवढं सांग. झाडांचं काय, कोकणात झाडं पैशाला पासरी," असं तू काल फोनवर म्हणालास आणि मी नुसतं 'बरं' म्हटलं. सूनबाई तुझ्या शेजारी बसली होती म्हणून म्हटलं. पण ते वाक्य काही केल्या डोक्यातून जाईना. फोनवर तू माझं बोलणं मध्येच तोडतोस, म्हणून हे पत्र. शेवटपर्यंत वाच, आणि तिलाही वाचायला दे.

आधी तू विचारलंस त्याचं उत्तर. दोन झाडांत बांधायची, दोन माणसांची म्हणून जी झोळी विकतात ती साधारण पावणेतीन-तीन मीटर लांब, दोन मीटरच्या आसपास रुंद, आणि वजनाला अर्ध्या किलोच्या आगेमागे असते. दोघांनी संध्याकाळी पाय सोडून बसायला, चहा घेत गप्पा मारायला ती उत्तम. दोघांनी रात्रभर झोपायला मात्र नाही. कापड मध्ये खोल जातं आणि दोघंही त्या खळग्यात घसरतात. एकाने कूस बदलली की दुसरा जागा. रुंदीचा खरा फायदा एकट्यालाच मिळतो. तिरकं झोपायचं, डोकं मधल्या रेषेच्या एका बाजूला आणि पाय दुसऱ्या, म्हणजे पाठ जवळजवळ सपाट राहते. सरळ लांबीत झोपणारा सकाळी कंबर धरून उठतो. तेव्हा दोघांत एक घेऊ नकोस. दोघांना दोन घे, दोन्ही रुंद घे. नाताळात गडांवर जाताय ते सूनबाईचं पहिलंच मोठं चालणं आहे, तिची डोंगराची हौस एका रात्रीत फिटायला नको.

कापड रिपस्टॉप नायलॉनचं बघ. त्यात ठरावीक अंतरावर जाड धाग्यांची चौकट विणलेली असते, त्यामुळे काट्याने भोक पडलं तरी ते पसरत जात नाही. अगदी झिरझिरीत कापडाच्या मोहात पडू नकोस. डास खालून कापडातूनच चावतात, वरून मच्छरदाणी असली तरी. आणि 'हलकी' या शब्दाला भुलू नकोस. झोळी अर्धा किलो, पण पट्टे, मच्छरदाणी, वरचं ताडपत्रीवजा कापड, त्याच्या दोऱ्या, पाठीखालची चटई, हे सगळं धरलं तर माणशी दीड किलोच्या वर जातं. दोघांचा हलका तंबू दोन-अडीच किलोत येतो. ही बेरीज दुकानात कोणी करून दाखवत नाही, तू घरी वजनकाट्यावर कर.

आता पट्टे. तू पट्ट्यांबद्दल एक अक्षर विचारलं नाहीस, याचं मला जास्त वाईट वाटलं. नववीत बलांचा धडा तुला मीच शिकवला होता ना? दोघं एकाच झोळीत बसलात असं समज, मिळून १२० किलो वजन धर. पट्टे जमिनीच्या पातळीशी ३० अंशांचा कोन करून उतरत असतील तर प्रत्येक बाजूला १२० किलोची ओढ येते. झोळी दिसायला ताठ हवी म्हणून तू ती खेचून १० अंशांवर आणलीस की तीच ओढ साडेतीनशे किलोच्या घरात जाते, दोन्ही बाजूंना तेवढीच. माणसं तीच, झाडं तीच. वरून कोणी धपकन बसलं की आणखी वाढते. पिशवीवर छापलेला भार किती, यापेक्षा तू बांधतोस कशी यावर सगळं आहे. सैल बांध. दोन झाडांत चार-साडेचार मीटर अंतर, पट्टा डोक्याच्या उंचीला, आणि बसल्यावर झोळी खुर्चीइतकी उंच राहिली पाहिजे. किल्लीला अडकवायच्या कड्या वापरल्यास तर मला सांगूसुद्धा नकोस. कडी वजनाचा आकडा कोरलेलीच हवी.

पट्टा पॉलिएस्टरचा घे, तो नायलॉनसारखा ताणत नाही. रुंदी निदान अडीच सेंटिमीटर, चार-पाच असेल तर फार चांगलं. दोरी नको, सुतळी नको, बाबांच्या माळ्यावरची ती पिवळी नायलॉनची तर मुळीच नको. झाडाच्या जिवंत पेशींचा पातळ थर सालीच्या लगेच आत असतो, अन्नरस तिथूनच खाली उतरतो. बारीक दोरी भाराने आत रुतते आणि हलली की करवतीचं काम करते. भोवताली साल कापली गेली तर झाड उभ्या उभ्या मरतं, तेही तुम्ही पुण्याला पोचून महिने लोटल्यावर. म्हणजे तुला कळणारही नाही.

आणि पैशाला पासरी म्हणालास त्या झाडांतली तुला किती ओळखू येतात? काजूला बांधू नकोस; फांदी दांडगी दिसते, पण लाकूड ठिसूळ. शेवग्याचं तेच. सावर आणि पांगारा काटेरी. बिब्बा ओळखायला शीक, त्याचा चीक लागला तर अंगावर उततो आणि पंधरा दिवस जळजळतो. नाताळच्या सुट्टीत जाणार म्हणजे खाजकुइलीच्या शेंगा वाळलेल्या असणार, वेल वर चढलेला असला तर त्या झाडाच्या जवळपासही नको. झाडावर पानं शिवून केलेली तांबड्या मुंग्यांची घरटी असतील तर पुढे चल. आग्या मोहोळ दिसलं तर आवाज न करता मागे फिर, तिथे चूल पेटवणं म्हणजे मरणाला बोलावणं. चांगली म्हणशील तर ऐन, किंजळ, जांभूळ, फणस. ऐन ओळखणं सोपं, सुसरीच्या पाठीसारखी साल. बुंधा निदान वीतभर जाडीचा हवा, आणि बांधायचं ते बुंध्याला, फांदीला नाही. बांधण्याआधी मान वर करून बघ: वाळकी फांदी अडकलेली आहे का?

लावणीला आपल्याकडे बायका यायच्या, त्या तुला आठवत नसतील. बांधावरच्या झाडाला लुगड्याची झोळी बांधून तान्हं त्यात ठेवायच्या. पण ठेवण्याआधी प्रत्येक जणी त्या झोळीला स्वतः लोंबकळून बघायची, दोनदा. मग मूल. कोणी शिकवलं नव्हतं त्यांना बलांचं वगैरे.

झोळी माडाखाली तर नकोच. भाट्याला किंवा गुहागरला समुद्राकडे तोंड करून दोन माडांमध्ये झोळी बांधलेले फोटो तू मला पाठवतोस, त्यातल्या एकालाही वरचे नारळ दिसत नाहीत की काय? वाळलेली झावळी पडली तरी खांदा निखळतो, नारळाचं तर बोलायलाच नको. सुरूच्या बनात बसायला गार वाटतं, पण लाटांनी वाळू ओढून नेऊन मुळं उघडी पडलेली असतील तर त्या सुरूला भार देऊ नये.

मुळांचंच आणखी एक. निसर्ग वादळ ३ जून २०२० ला श्रीवर्धनच्या बाजूने जमिनीवर आलं, दापोली-मंडणगडात बागाच्या बागा आडव्या झाल्या. वर्ष झालं नाही तोच मे २०२१ मध्ये तौक्ते किनाऱ्याने वर गेलं. जी झाडं पडली ती सगळ्यांनी मोजली. पण जी थोडी कलली, मुळं एका बाजूने सुटली आणि उरलेल्या मुळांवर हिरवी राहिली, त्यांची मोजदाद कोणी ठेवली नाही. अशी झाडं वर्षानुवर्षं उभी असतात, मोहोरतातसुद्धा, आणि एक दिवस वाराही नसताना जातात. बुंध्यापाशी जमिनीला भेग आहे का, एका बाजूची माती उचललेली आहे का, हे खाली वाकून बघायला लागतं. मला त्या झाडांची भीती वाटते, सोन्या. तुमच्या दोघांचं वजन त्यातल्याच एकाला त्या दिवशी जास्त व्हायचं.

कोणाच्या कलमांच्या बागेत विचारल्याशिवाय शिरू नका. डिसेंबरात मोहोर धरायची वेळ असते, मालकाचं वर्षाचं पीक तिथे टांगलेलं असतं. राखणदाराशी नीट बोलावं, 'दादा' म्हणावं, नाही म्हणाला तर वाद घालू नये. देवराईत तर पट्टा पिशवीतून काढूच नका. त्या झाडांना गावाने पिढ्यान्‌पिढ्या कोयता लावलेला नाही, आपण कोण लागून गेलो?

रसाळगड-सुमारगड-महिपतगड हा बेत मला आवडला, खरंच आवडला. खेडला उतरून जा. पण झोळीच्या भरवशावर नको. रसाळगडाचा माथा मोकळा, गवताळ. तिथे झोलाईच्या देवळाचा आसरा आहे. रान आहे ते महिपतगडावर, आणि मुक्काम तिथेही पारेश्वराच्या देवळातच करतात. झोळी फार तर एखाद्या दुपारी बांधाल. आणि त्यानंतर प्रचितगडाला जाऊन रात्र काढू म्हणालास ते सोडून दे. तो चांदोलीच्या रानात, सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येतो, वनखात्याला न विचारता तिथे मुक्काम करायचा नाही. 

थंडीचं सांगायचं राहिलं. झोळीत थंडी खालून लागते. गोधडी अंगाखाली दबली की तिच्यातली हवा जाते आणि ऊबही. फोमची चटई पाठीखाली घ्याच. आणि बूट जमिनीवर सोडू नका. आपल्या कातळावर फुरसं असतं, रात्री फिरतं, अंगणातल्या विटेएवढ्या आडोशालाही बसतं. इंग्रज सरकार या जिल्ह्यात फुरसं मारून आणणाऱ्याला बक्षीस देत असे, इतकी ती होती. बूट पट्ट्याला वर बांधा, सकाळी झटकून घाला. रात्री उतरताना आधी विजेरीचा उजेड, मग पाय. सूनबाईला हे तू सांगू नकोस, तू हसण्यावारी नेशील. मी सांगेन.

जाण्याआधी एक रविवार काढून दोघं इकडे या. मागच्या फणसाला आणि जांभळीला बांधून बघू, अंतर बरोबर आहे, मी पावलं टाकून बघितलं. रात्रभर झोपा त्यात. आणि येताना रुंद पट्टे घेऊन या. ते मिळाले नाहीत तर झोळ्या पुण्यालाच ठेवून गडावर जा. पारेश्वराच्या देवळात दोघांना पाठ टेकायला जागा आहे.

तुझी,
आत्या