दोन तोट्या

परक्या देशाची खरी ओळख राजवाड्यांपेक्षा न्हाणीघरात लवकर पटते. धाकट्या बहिणीच्या बाळंतपणासाठी मी चार महिने इंग्लंडात राहिले. घर जुने, विटांचे. बेसिनच्या दोन टोकांना दोन तोट्या. एकीच्या पाण्याने हात पोळावा, दुसरीच्या पाण्याने बोटे बधिर व्हावीत. वाफेवर आगगाडी चालवणाऱ्या या लोकांना ही दोन पाणी एकत्र आणणे सुचू नये?

कारण कळले, ते मात्र आजीच्या माजघरात शोभणारे! गार पाणी रस्त्याखालच्या नळातून थेट येते, ते पिण्याचे. ऊन पाणी पूर्वी माळ्यावरच्या टाकीतून येई. त्या टाकीत धूळ, क्वचित एखादे मेलेले पाखरूही निघे. तेव्हा साठवणीचे पाणी पिण्याच्या पाण्याला शिवू द्यायचे नाही, असा दंडक. म्हणजे आपल्या पिण्याच्या हंड्याचेच सोवळे. नव्या घरांत आता एकच तोटी दिसते.

आई गेल्यानंतरचे आमच्या घरातले हे पहिलेच मूल. त्याला न्हाऊ घालायचे, तर तिथल्या सुईणबाईंनी बजावले, "आधी गार, मग ऊन, म्हणजे मूल पोळत नाही." आमच्याकडे आधी कढत, मग विसण. दोघीही क्षणभर अडलो. मग बाईंनी बाही सारली आणि पाण्यात कोपर बुडवले. आई अगदी असेच करी! माझे डोळे भरून आले. मीही कोपर बुडवले. दोघींनी मान डोलावली, आणि बाळ न रडता पाण्यात उतरले.