श्वासाचं नाक, चेहऱ्याचं नाक

लहानपणी मांडवीच्या धक्क्यावर खेळताना मी तोंडावर आपटले. तेव्हापासून माझं नाक मधल्या उंचवट्याच्या खाली डावीकडे झुकलेलं आहे. सुजलं, उतरलं, कोणी डॉक्टरकडे नेलं नाही. पुढे लग्न ठरवायच्या वेळी मावशी म्हणाली, "अगो, ते नाक तेवढं सरळ करून घे, मग श्वासही मोकळा होईल नि फोटोही चांगला येईल." तिच्या मनात दोन्ही गोष्टी एकच होत्या. माझ्याही मनात अनेक वर्षं त्या एकच राहिल्या. दोन्ही वेगळ्या असतात, कधी एकमेकींत गुंततात, आणि त्या वेगळ्या करून पाहिल्याशिवाय उपाय ठरवू नये, हे मला चाळिशीच्या उंबरठ्यावर कळलं. ते सांगण्यासाठी हे लिहिते आहे.

मी रत्नागिरीत एका शाळेत शिकवते. २१ जूनला शाळेत योगदिन असतो. मुलांबरोबर अनुलोम-विलोम करताना डावी नाकपुडी बोटाने दाबली की मला धाप लागायची. उजव्या बाजूने हवा आत येतच नव्हती. नाक झुकलंय डावीकडे, बंद मात्र उजवी बाजू! घरी हे बोलल्यावर सासरे म्हणाले, "स्वर बदलत असेल." ते जुने प्राणायाम करणारे. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. निरोगी माणसाच्याही दोन्ही नाकपुड्या सारख्या वाहत नाहीत; काही तासांनी एक मोकळी होते, दुसरी थोडी भरते. आपल्याकडे डावा-उजवा स्वर म्हणून ते पूर्वापार ठाऊक आहे, आणि १८९५ मध्ये कायझर या जर्मन डॉक्टरांनी त्याची नोंद केली. पण स्वर बदलतो. माझी उजवी बाजू कधीच बदलत नव्हती.

रात्री त्रास वाढायचा. सकाळी घसा कोरडा, जीभ टाळूला चिकटलेली. पावसाळ्यात डावी बाजूही चोंदायची. आमचं घर जुनं, चिऱ्याचं. आषाढ-श्रावणात भिंतींना ओल येते, कपाट उघडलं की कुबट वास येतो, गादी कधी पूर्ण सुकत नाही. शिंका सुरू झाल्या की थांबत नसत. घरातली औषधं झाली: ओव्याची पुरचुंडी, निलगिरीची वाफ, नाकात तुपाचे दोन थेंब. तेवढ्यापुरतं बरं वाटायचं. शेवटी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेले.

त्यांनी नाकाकडे बघायच्या आधी पुष्कळ विचारलं. एकच बाजू बंद की दोन्ही? आलटून-पालटून की कायमची? ऋतूप्रमाणे बदलतं का? शिंका, खाज, पाणी? वास येतो का? झोपेत श्वास थांबतो असं घरचे सांगतात का? नाकातून रक्त येतं का? आणि, "नाक मोकळं करणारे थेंब किती दिवस घालता?" मी ते कधीच घातले नव्हते. ते म्हणाले, "हा प्रश्न मी प्रत्येकाला विचारतो, कारण झायलोमेटाझोलीनसारखे थेंब तीन ते पाच दिवसांच्या वर चालू ठेवले तर नाक त्यांच्यावरच अवलंबून राहतं. थेंब ओसरले की आधीपेक्षा जास्त चोंदतं. लोकांना वाटतं हाड वाढलंय, आणि असतो तो थेंबांचा परिणाम."

मग तपासणी. थंड स्टीलची पट्टी नाकाखाली धरली आणि श्वास सोडायला सांगितला. डाव्या बाजूला वाफेचा मोठा डाग उमटला, उजवीकडे जेमतेम ठिपका. गाल बाजूला ओढून श्वास घ्यायला लावला. काही जणांचं नाक तेवढ्याने मोकळं होतं. तसं झालं तर नाकपुडीच्या थोडं आत, जिथे हवेची वाट सगळ्यात अरुंद असते, तिथे आधार कमी पडतो आहे असा अंदाज येतो. ही खूण एकटी पुरेशी नसते, कारण निरोगी माणसालाही गाल ओढल्यावर थोडं मोकळं वाटतं. माझ्या बाबतीत फारसा फरक पडला नाही. नंतर दुर्बिणीने आत पाहिलं, नाक मोकळं करणाऱ्या औषधाचा फवारा मारून थोडा वेळ बसवलं आणि पुन्हा पाहिलं. फवाऱ्याने डावी बाजू एकदम मोकळी झाली, उजवी जवळपास तशीच राहिली.

त्यांनी कागदावर काढून दाखवलं. मधला पडदा आत उजवीकडे वळला होता आणि तळाशी त्याचा काट्यासारखा कोपरा बाहेर आला होता. हाड कुठेच वाढलं नव्हतं. बाहेरचा बाक डावीकडे, आतला उजवीकडे. डावीकडे जागा जास्त असल्याने तिथल्या मांसल घड्या मोठ्या झाल्या होत्या, आणि ओलसर घरातल्या धुळीच्या किड्यांनी नि बुरशीने त्यांना सूज येत होती. म्हणजे माझ्या एका तक्रारीत तीन गोष्टी होत्या: पडद्याचा बाक, ॲलर्जीची सूज आणि बाहेरचा आकार. पहिलीला शस्त्रक्रिया लागू शकते, दुसरीला औषध आणि घराची स्वच्छता, तिसरीला श्वासासाठी काहीच करण्याची गरज नव्हती.

त्यांनी आधी औषध दिलं. मोमेटासोनचा फवारा, रोज, काही आठवडे. तो मारायची रीतही शिकवली: डाव्या नाकपुडीत उजव्या हाताने, उजवीत डाव्या हाताने, टोक मधल्या पडद्याकडे नाही तर बाहेरच्या बाजूला, म्हणजे पडद्याला इजा होऊन रक्त येत नाही. हा फवारा थेंबांसारखा लगेच काम करत नाही, पूर्ण गुण यायला दिवस-आठवडे लागतात, म्हणून लोक मध्येच सोडतात. सोबत मिठाच्या पाण्याने नाक धुणं. पाणी मात्र उकळून गार केलेलंच. घरी उशांचे अभ्रे गरम पाण्यात धुवायला लागलो, ऊन पडलं की गाद्या गच्चीवर, भिंतीला टेकलेलं कपाट पुढे ओढलं. डावी बाजू सुधारली. शिंका कमी झाल्या. उजवी बाजू हलली नाही. तेव्हा शस्त्रक्रियेचा निर्णय झाला, आणि तो मला पटून झाला, कारण औषधाने जे सुटणार होतं ते सुटलेलं होतं.

त्या दिवसांत मी नाकाबद्दल जे मिळेल ते वाचत होते. आपल्याच मुलखातली एक गोष्ट तेव्हा नव्याने समजली. १७९२ च्या युद्धात इंग्रजी फौजेत बैल हाकणारा कावसजी नावाचा मराठी माणूस टिपूच्या हाती सापडला, आणि त्याचं नाक कापलं गेलं. वर्षभराने पुण्याजवळच्या एका वीटभट्टीवाल्या कारागिराने कपाळाची कातडी वळवून त्याला नवं नाक बसवलं. लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझिन'ने ऑक्टोबर १७९४ मध्ये ही हकीकत छापली. ती वाचून कार्प्यू या इंग्रज शल्यविशारदाने १८१४ मध्ये तशी शस्त्रक्रिया केली, आणि युरोपात नाक घडवण्याची विद्या पुन्हा रुजली. मला त्या हकीकतीतलं एक वाक्य महत्त्वाचं वाटलं: दहाव्या दिवशी नाकपुड्यांत मऊ कापडाचे बोळे ठेवत, त्या उघड्या राहाव्यात म्हणून. सुश्रुतसंहितेतही नवं नाक जोडताना श्वासासाठी दोन नळ्या ठेवायला सांगितल्या आहेत. चेहऱ्याची अब्रू परत मिळवण्यासाठी केलेल्या कामातही त्या लोकांनी हवेची वाट सांभाळली होती.

श्वास आणि दिसणं यांतला फरक आजचे डॉक्टर कागदावर मोजतात. २००४ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी पाच प्रश्नांची एक यादी बनवली: नाक भरल्यासारखं वाटतं का, बंद वाटतं का, नाकाने श्वास घ्यायला त्रास होतो का, झोप बिघडते का, श्रम करताना हवा कमी पडते का. प्रत्येकाला शून्य ते चार गुण, त्यांची बेरीज पाचने गुणून शंभरपैकी आकडा. त्या पाचांत दिसण्याबद्दल एकही प्रश्न नाही. २०१८ मध्ये स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी दहा प्रश्नांची यादी केली. त्यात चार श्वासाचे, सहा दिसण्याचे, आणि दोन्हींचे गुण वेगवेगळे मोजायचे. मी दोन्ही याद्या भरल्या. श्वासाचे गुण खूप, दिसण्याचे अगदी थोडे. बाहेरच्या बाकाचा मला स्वतःला त्रास नव्हता. तो मावशीला होता. हे कागदावर दिसल्यावर माझा निर्णय सोपा झाला.

शस्त्रक्रिया रत्नागिरीतच झाली, पूर्ण भूल देऊन, नाकाच्या आतून. बाहेर टाका नाही, व्रण नाही. पडद्याचा वाकलेला भाग सरळ केला, काटा काढला, आधारासाठी आत सिलिकॉनच्या पट्ट्या ठेवल्या. पहिले दिवस कठीण होते: सूज, तोंडाने श्वास, उशी उंच, नाक शिंकरायचं नाही, जड उचलायचं नाही, वाकायचं नाही. पट्ट्या निघाल्यावर लगेच चमत्कार झाला नाही. सूज हळूहळू ओसरली आणि श्वास तिच्या मागोमाग मोकळा होत गेला. आता रत्नदुर्गाचा चढ मी तोंड मिटून चढते. पावसाळ्यात फवारा मात्र अजून लागतो, कारण ॲलर्जी शस्त्रक्रियेने जात नाही. बाहेरून नाक जसं होतं तसंच आहे. मावशी भेटायला आली, बराच वेळ बघत बसली नि म्हणाली, "फरक काहीच दिसत नाही गो." फरक तिथे व्हायचाच नव्हता.

माझ्या भाचीची गोष्ट याच्या उलट. तिचा श्वास उत्तम. तिला नाकावरचा उंचवटा मनापासून नको होता. मी तिच्याबरोबर पुण्याला प्लास्टिक सर्जनकडे गेले. घरात कोणीतरी सुचवलं होतं, "श्वासाचा त्रास आहे असं सांग, विम्यात बसेल." ती म्हणाली, "मावशी, मला श्वासाचा त्रास नाही, मी तो का सांगू?" मला तिचा अभिमान वाटला. आरोग्य विम्यात सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया सहसा बसत नाही. पडद्याची शस्त्रक्रिया बसू शकते, पण बऱ्याच पॉलिसींत तिला प्रतीक्षाकाळ असतो. खोटं सांगून ही रेषा ओलांडली तर पुढे दावा नाकारला जाऊ शकतो, शिवाय डॉक्टरांना आपल्या नाकाची खरी माहितीही मिळत नाही. सर्जननी तिलाही श्वासाचे सगळे प्रश्न विचारले. कारण त्यांनी सांगितलं: उंचवटा तासताना आतली वाट अरुंद होऊ शकते, म्हणून गरज पडल्यास पडद्याच्याच कुर्चेच्या बारीक पट्ट्या आधाराला बसवतात. नाकाची वाढ पूर्ण होईपर्यंत थांबावं, आणि बदल कोणासाठी हवा आहे ते स्वतःला विचारावं, असंही ते म्हणाले. तिने वेळ घेतला आहे. ती करेल तर स्वतःसाठी करेल, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही.

दोन्ही गोष्टी खरोखर गुंतलेल्याही असतात. श्वास आत घेताना नाकपुड्या चिमटल्यासारख्या आत ओढल्या जात असतील, पडद्याचं पुढचं टोक वाकून टोकाचा आकारच बिघडला असेल, अपघातात नाक दबलं असेल, तर आकार नीट केल्याशिवाय श्वास सुधारत नाही. तिथे दोन्ही कामं एकत्र करावी लागतात. पण ते तपासून ठरतं, आरशात पाहून नाही.

वाचकांना माझं सांगणं एवढंच. डॉक्टरांकडे जाताना दोन तक्रारी दोन वेगळ्या ओळींत लिहून न्या: मला श्वासाचा काय त्रास आहे, आणि मला दिसण्याचा काय त्रास आहे. प्रत्येकीचं वेगळं उत्तर मागा. प्रौढ माणसाचं एकाच बाजूचं नाक अलीकडे बंद व्हायला लागलं असेल, त्यातून रक्त किंवा घाण वास येत असेल, तर वाट न पाहता दाखवा; लहान मुलाच्या एकाच नाकपुडीतून घाण वासाचं पाणी येत असेल तर आत चिंचोका, मणी अडकलेला असू शकतो. मोठ्याने घोरणाऱ्या नि झोपेत श्वास थांबणाऱ्या माणसाला फक्त नाकाच्या शस्त्रक्रियेने बरं वाटेल असं समजू नका, झोपेची तपासणी करून घ्या. आणि घरात मुलीच्या नाकाबद्दल बोलण्याआधी तिला एवढं विचारा, की तिला श्वास नीट घेता येतो का.