ओल आहे तोवर

हाजरा फॉलचं पाणी पातळ व्हायला लागलं, की दरेकसाच्या बांध्यांतलं हलकं धान पिवळं पडतं. पावसाळाभर डोंगरातून कोसळणारा लोट कोजागिरीच्या सुमाराला निवतो, नाल्यातले दगड उघडे पडतात आणि पहाटेची धुई इतकी दाट उतरते, की डोंगरगडकडे जाणारी गाडी बोगद्यात शिरताना नुसती ऐकू येते. नागपूर ते राजनांदगाव हा लोहमार्ग १८८०च्या दशकात झाला, तो छत्तीसगडचं धान्य बाहेर नेता यावं म्हणून. धान्य दूर जाण्याची वाट आजही आमच्या शेजारून जाते. घरात राहायचं ते मात्र आम्ही घरामागच्या वाडीत पेरतो, आणि ते पेरायची वेळ नेमकी कापणीचीच असते.

गोंदिया जिल्ह्यात वर्षाला तेराशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. मग आभाळ हात आखडतं. पुढे इथली शेती दोन पाण्यांवर चालते: एक मालगुजारी तलावांत साठलेलं, दुसरं मातीत मुरलेलं. तलावाचं पाणी दिसतं, त्याच्या पाळ्या ठरतात, त्यावरून भांडणंही होतात. मातीतली ओल दिसत नाही. ती रोज थोडी खाली जाते, रोज थोडी उन्हात उडते. कार्तिकातली आमची सगळी घाई तिच्यापायी असते.

बांधीतली घाई फार देखणी असते. भारी धान अजून उभं असतं, लोंब्या वाकलेल्या, चिखल नुकता घट्ट होत आलेला. त्या उभ्या पिकातच लाखोरी हे कडधान्य आणि जवस फेकतात. ना नांगर, ना वखर. या पेरणीला उतेरा म्हणतात. धानाच्या सावलीत बी फुगतं, मोड येतो, आणि पंधरवड्याने विळा फिरतो तेव्हा धसकटांच्या मधून कोवळी लाखोरी वर आलेली असते. धान काढून मग नांगरू म्हटलं, तर तोवर माती दगडासारखी होते. धुऱ्यावरची तूर तर पावसाळ्याच्या तोंडीच लावलेली. धान खळ्यावर जातं तेव्हा ती फुलावर येते. कापलेल्या कडपा उन्हात वाळत असताना सगळ्यांचे डोळे आभाळाकडे लागलेले असतात, कारण बंगालच्या उपसागरात एखादं वादळ उठलं, की इथे अवकाळी पाऊस येतो आणि भिजल्या लोंबीतच दाण्याला कोंब फुटतात. त्या धास्तीतही उतेऱ्याचं बी फेकायचं कुणी चुकवत नाही.

लाखोरीचं नाव काढलं की बाहेरचे लोक बिचकतात. ते अकारण नाही. दुष्काळात महिनोन्‌महिने तिच्यावाचून दुसरं काही मिळत नसे, तेव्हा तिच्यातल्या विषाने माणसांचे पाय लुळे पडत. त्यामुळे तिच्या विक्रीवर बंदीही आली होती. मला मात्र वाटतं, ताटात एकटा तोच दाणा उरला, ही त्यातली मोठी आपत्ती होती. घरामागची वाडी त्यासाठीच हवी. एकाच अन्नावर जगण्याची पाळी घरावर येऊ नये, म्हणून.

कापणीहून परतलेल्या बायका पाय धुतात आणि चुलीकडे जाण्याआधी वाडीत शिरतात. दोडक्याचे, काकडीचे वेल आता दमलेले असतात. त्यांवर जाणूनबुजून राखलेली जून फळं तोडायची, बी काढून राखेत घोळवायचं आणि मडक्यात ठेवायचं. कवेलूवर चढलेल्या वेलाची लाल कोहळी देठ न मोडता उतरवायची. मग मांडव सोडायचा, वाळके वेल एका कोपऱ्यात कुजायला टाकायचे, शेणखत पसरायचं आणि माती हलकीशी उकरायची. मेथी, पालक, मुळा आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर, यांचे छोटे वाफे. कडेला लसणाच्या पाकळ्या. कुंपणावर चढायला वालाचे दाणे. पावसात लावलेली वांगी जागेवरच राहतात, थंडीत ती धरू लागतात. न्हाणीचं पाणी वाफ्यांकडे वळवायचं. शेवटी बोरीच्या काट्यांनी कुंपण सांधायचं, कारण जंगल उंबऱ्याशी आहे आणि रानडुकरांनाही हिवाळा गोड लागतो.

माझी माय मातीची मूठ वळते, उघडते, आणि ढेकूळ तळहातावर कसं फुटतं ते बघते. "ओल हाये तवरीच दाने टाकून दे पोरी, मंग माती आयकत नाई," असं ती म्हणते. दिवाळीनंतर गावोगावी मंडया भरतात, रात्रभर दंडार आणि नाटकं रंगतात. तिचा नेम असा, की गावची मंडई यायच्या आत वाफे हिरवे दिसले पाहिजेत. पाहुण्यांना नवा तांदूळ वाढायचा, तर त्यासोबत घरचा सांभार हवाच.

बर्फाच्या मुलखात याच महिन्यांत लोक बागा पाचोळ्याने झाकतात. झाडं निजतात, माणसं वसंताची वाट बघतात. आमची थंडी वाडीला जागं करते. विदर्भात गारठा सगळ्यांत जास्त, अशी बातमी वर्तमानपत्रात अनेकदा गोंदियाच्या नावाने येते, आणि पारा दहा अंशांखाली उतरला की मेथी दाट होते, मुळा रसरशीत होतो. हिवाळ्याची तयारी म्हणजे इथे आवराआवर नसते, पेरणी असते. एक हात कापत असतो तेव्हाच दुसरा पेरत असतो. मला या जगण्यातली सर्वांत शहाणी गोष्ट हीच वाटते.

आता शिवारात हार्वेस्टर येतो. मजूर मिळत नाहीत, माणसांच्या कमरा वाकल्या आहेत. यंत्राला नाही म्हणणं सोपं नाही आणि न्याय्यही नाही. पण त्याच्या चाकांखाली उतेरा चिरडतो, म्हणून यंत्र येणार असेल तिथे कुणी बी फेकतच नाही. धान एका दिवसात घरी येतं आणि मागे उरलेली ओल कुणाच्याच कामी न येता उडून जाते. गेल्या कार्तिकात आम्ही लांबच्या बांध्या यंत्राला दिल्या आणि घराजवळची एक विळ्यासाठी राखली. तिच्यातली लाखोरी आली, कोवळा पाला भाजीला झाला, वाळवून उन्हाळ्यापुरताही ठेवला. शेजारणींनी बी मागितलं, मायनं सूपभर दिलं. यंदा आणखी एक बांधी विळ्याला ठेवायची, असं घरात ठरलं आहे.