हात लावून बघा!

आपल्या बे एरियात देशातून आई-वडील आले की त्यांची टूर ठरलेली असते. पहिल्या शनिवारी गोल्डन गेट ब्रिज. तिथल्या वाऱ्यात एका हाताने पदर आणि दुसऱ्या हाताने कानटोपी सावरत काढलेला फोटो. मग लोम्बार्ड स्ट्रीटची वळणं, पिअर ३९ वरचे सी लायन (आणि त्यांचा वास), रविवारी लिव्हरमोरचं देऊळ. झालं! दोन आठवड्यांत सगळं पाहून संपतं, आणि मग उरलेले साडेपाच महिने मंडळी दिवाणखान्याच्या खिडकीतून समोरच्या रिकाम्या रस्त्याकडे बघत बसतात. रस्त्याने माणूस जाताना दिसला तर ती त्या दिवसाची बातमी.

आमच्या सासूबाई २००२ च्या जानेवारीत आल्या तेव्हा असंच झालं. सासरे जाऊन वर्ष होत आलं होतं. उभा जन्म वाईजवळच्या खेड्यात गेलेला, शिक्षण सातवीपर्यंत. नातू तेव्हा अकरा वर्षांचा. त्याला मराठी सगळं समजायचं, पण उत्तर यायचं इंग्रजीत. "जेवलास का रे?" "येस." "आज शाळेत काय केलंस?" "नथिंग." एवढ्यावर आजी-नातवाचं संभाषण आटोपायचं. 'नथिंग' हा शब्द सासूबाई महिन्याभरात शिकल्या आणि मग आम्ही "आई, काय करताय?" विचारलं की त्याही "नथिंग" म्हणायला लागल्या. आम्ही हसायचो, पण ते हसू काही खरं नव्हतं.

फेब्रुवारीत एका रविवारी पाऊस लागून राहिला होता. घरात बसून सगळेच वैतागलेले. ह्यांनी गाडी काढली आणि म्हणाले, "चला, एक्सप्लोरेटोरियमला जाऊ."

"सायन्सचं म्युझियम? मला काय कळणार त्यातलं? तुम्ही जाऊन या, मी बसते घरी," सासूबाई म्हणाल्या.

त्यांचं तसं वाटणं मला अगदी पटण्यासारखं होतं. आपल्या पिढीने शाळेत विज्ञान पाहिलं ते कपाटाच्या काचेतून. आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत एक शिसवी कपाट होतं, त्याला कुलूप, आणि किल्ली सरांच्या जानव्याला. आत तराजू, भिंगं, बरणीतला बेडूक. वर पाटी – 'हात लावू नये'. प्रयोग सर करायचे, आम्ही वहीत 'साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान' लिहून घ्यायचो. अनुमान आधीच फळ्यावर लिहिलेलं असायचं, म्हणजे निरीक्षणाचीही गरज नाही!

तर आम्ही गेलो. त्या वेळी एक्सप्लोरेटोरियम सॅन फ्रॅन्सिस्कोच्या पॅलेस ऑफ फाइन आर्ट्समध्ये होतं. बाहेरून रोमन देवळासारखे खांब आणि तळं, १९१५ च्या जागतिक प्रदर्शनासाठी उभारलेलं. आत शिरल्यावर मात्र विमानाच्या हँगरसारखी एकच लांबलचक, अंधारी, गोंगाटाने भरलेली जागा. कुठे घंटा वाजतेय, कुठे हवेच्या झोतावर चेंडू तरंगतोय, कुठे कोणी फिरत्या स्टुलावर बसून हातात सायकलचं चाक धरून गरगरतंय. आल्या आल्याच सुतारकामाचं-लोहारकामाचं वर्कशॉप, तेही उघडंच. कोणी काय कापतंय, जोडतंय ते पाहुण्यांना दिसावं म्हणून. कुठल्या क्रमाने बघायचं याचा बाण नाही, 'इथून सुरुवात' अशी पाटी नाही. सासूबाईंचा पहिला प्रश्न, "इथं कुणी ओरडत कसं नाही?" त्यांचा रोख मुलांवर ओरडणाऱ्या माणसांकडे होता.

एका ठिकाणी गाईचा डोळा कापून दाखवत होते. चिरंजीव तिकडे धावले. सासूबाईंना आम्ही हळूच दुसरीकडे वळवलं.

तिथे एक जडशीळ लंबक टांगलेला होता. भोवती लोखंडी कडं, आणि कठड्याला बारीक दोरीने बांधलेले छोटे लोहचुंबक. काम एवढंच, की चुंबक कड्याला चिकटवायचा आणि दोरी ओढून तो अवजड लंबक हलवायचा. आमचा मुलगा आला आणि त्याने जोर लावून दोरी खेचली. चुंबक फट्दिशी सुटला. पुन्हा चिकटवला, पुन्हा खेचला, पुन्हा सुटला. शेजारी दोन धट्टीकट्टी अमेरिकन पोरं होती, त्यांचीही तीच गत. सासूबाई थोडा वेळ बघत राहिल्या आणि न राहवून म्हणाल्या, "अरे, झोका देतोयस का बैल ओढतोयस? सर बाजूला."

त्यांनी चुंबक चिकटवला आणि दोरीला अगदी हलकी ओढ दिली. लंबक हलल्याचं डोळ्यांना कळलंसुद्धा नाही. तो परत त्यांच्याकडे यायला लागल्याबरोबर पुन्हा तशीच हलकी ओढ. मग पुन्हा. ओठांत काहीतरी पुटपुटत होत्या, मोजत असाव्यात किंवा गात असाव्यात. मिनिट-दोन मिनिटांत तो धोंड हातभर हेलकावे घ्यायला लागला! ती दोन पोरं तोंडाचा आ करून बघायला लागली. आमचा मुलगा ओरडला, "आजी, कसं केलंस? हाऊ डिड यू डू दॅट?"

"नागपंचमीला आंब्याला झोका बांधायचो आम्ही. पोरगी कितीबी जड असू दे, झोक्याच्या कलाने ढकललं की वर जाते. मध्येच ढकललंस तर अडतो."

ह्यांनी लगेच 'रेझोनन्स'चं सूत्र सांगायला तोंड उघडलं. मी कोपर मारून गप्प केलं. मुलगा पुन्हा दोरीशी गेला आणि या वेळी आजी मागून सांगत होती, "आता... थांब... आता..." 'कल' म्हणजे काय हे त्याला कोणीही समजावून सांगितलं नाही. हाताला कळलं.

पुढे या जागेबद्दल मी लायब्ररीतून पुस्तकं आणून वाचलं. ती स्थापन केली फ्रँक ओपेनहायमर यांनी, १९६९ साली. अणुबॉम्बवाले रॉबर्ट ओपेनहायमर आपल्या मंडळींना गीतेमुळे पूर्वीपासून ठाऊक, आणि २०२३ च्या सिनेमानंतर तर पोराटोरांना ठाऊक झाले. फ्रँक हे त्यांचे धाकटे भाऊ, तेही पदार्थवैज्ञानिक, तेही त्या बॉम्बच्या प्रकल्पात होते. पण तरुणपणी ते कम्युनिस्ट पक्षाचे सभासद होते, आणि १९४९ साली ते प्रकरण निघाल्यावर मिनेसोटा विद्यापीठातली नोकरी गेली. मग हा भौतिकशास्त्राचा प्राध्यापक कोलोराडोच्या डोंगरात जाऊन गाई पाळू लागला! जवळजवळ दहा वर्षं कुठल्या विद्यापीठाने दारात उभं केलं नाही. शेवटी १९५७ मध्ये पगोसा स्प्रिंग्ज नावाच्या गावातल्या हायस्कुलात मास्तरकी मिळाली. तिथे प्रयोगाचं साहित्य कुठलं? तर ते मुलांना घेऊन गावाच्या उकिरड्यावर जायचे. मोडक्या यंत्रांचे भाग वेचून आणायचे आणि त्यातून यंत्रशास्त्र, उष्णता, वीज शिकवायचे. मला एक्सप्लोरेटोरियमची खरी पायाभरणी त्या उकिरड्यावर झाली असं वाटतं. सॅन फ्रॅन्सिस्को हा पुढचा पत्ता.

१९८५ मध्ये वारेपर्यंत ते तिथले संचालक होते. म्युझियममध्ये कोणी नापास होत नाही, असं ते म्हणत. आपल्या मुलांवर स्पेलिंग बी, कुमॉन, एसएटी यांचा जो मारा आपण करतो, त्या घरात हे वाक्य जरा धाडसाचंच आहे. (कुमॉनला माझा विरोध नाही. आमचाही जायचा.)

मला आवडलेली आणखी एक गोष्ट म्हणजे तिथली माहिती सांगणारी मुलं. भगव्या जाकिटातली – म्हणजे नारिंगी, आपल्याला भगवी वाटतात! – ती हायस्कूलची पोरं असतात, आणि त्यांना कामाचा पगार मिळतो. निवड करताना विज्ञानातले मार्क बघत नाहीत. दुसऱ्याला सांगता सांगता ती स्वतः शिकतात. शिवाय १९८४ पासून तिथे शाळांतल्या विज्ञान शिक्षकांसाठी वर्ग चालतात, म्हणजे त्या इमारतीत कधी पाऊल न टाकलेल्या मुलांपर्यंतही काहीतरी पोचतं. आणि आपले प्रयोग कसे बनवायचे याच्या कृती त्यांनी सत्तरच्या दशकातच 'कुकबुक' म्हणून छापून जगाला वाटल्या. आपल्याकडे चकलीच्या भाजणीचं प्रमाण सख्ख्या जावेला न सांगणाऱ्या बायका मला माहीत आहेत, म्हणून याचं विशेष कौतुक.

सगळंच गोड आहे असं नाही. २०१३ पासून ते एम्बार्काडेरोवर पिअर १५ ला गेलं आहे; जागा झकास, समुद्राच्या कडेला, पण चौघांच्या तिकिटांना शंभर डॉलर सहज लागतात. (आपापल्या गावच्या लायब्ररीत म्युझियमचे पास मिळतात का, ते विचारून बघा.) आणि काही मुलं नुसती या टेबलावरून त्या टेबलाकडे धावतात, बटण दाबतात, पुढे जातात. अशा वेळी बरोबरच्या मोठ्या माणसाने फोन खिशात ठेवून एकाच ठिकाणी वीस मिनिटं बसायची तयारी ठेवावी लागते. माझ्या पाहण्यात हे काम आई-बापांपेक्षा आजी-आजोबांना चांगलं जमतं. त्यांना कुठे जायची घाई नसते.

हाच विचार डोक्यात घेऊन काही वर्षांपूर्वी आमच्या मंडळाच्या मराठी शाळेत आम्ही महिन्यातली एक 'विज्ञान-दुपार' सुरू करायचं ठरवलं. वार्षिक सभेत खडाजंगी झाली. एक गृहस्थ म्हणाले, "अहो, मुलांना षष्ठी विभक्ती येत नाही आणि तुम्ही खेळ कसले मांडता?" दुसऱ्या बाईंनी विचारलं, "याचं सर्टिफिकेट मिळेल का? कॉलेजच्या अर्जाला लावता येईल." माझं म्हणणं असं होतं, की आपल्या घरात मराठी उरली आहे ती जेवणाची, रागवण्याची आणि आरतीची. नवल वाटलं की मूल इंग्रजीत बोलतं. ते नवल मराठीत वाटावं अशी एक तरी जागा नको का? शेवटी 'करून तर बघू' यावर तडजोड झाली. आपल्या मंडळाच्या बहुतेक ठरावांचं असंच होतं.

पहिल्या दुपारी आम्ही दोन खुर्च्यांच्या पाठींना एक सुतळी बांधली, जरा सैल. तिच्यावरून हातभर अंतराने सारख्या लांबीचे दोन दोरे सोडले आणि टोकांना एकेक जड नट. एकाला झोका दिला. तो हळूहळू मंदावत जातो आणि स्थिर असलेला दुसरा हलायला लागतो. पहिला पार थांबतो तेव्हा दुसरा जोरात असतो, आणि मग सगळं उलट. घरी जरूर करून बघा, पाच मिनिटांचं काम आहे. नागपूरहून आलेले एक आजोबा म्हणाले, "हे बघा, भावाभावांत वाटणी चालली आहे!" तेवढ्यात एक सात वर्षांची मुलगी म्हणाली, "एकाची दोरी शॉर्ट केली तर?" उत्तर कोणीही द्यायचं नाही असा आमचा नियम. तिने दोरी गुंडाळून आखूड केली. वाटणी फिसकटली. पहिला थोडासा मंदावला, पण थांबला नाही. दुसऱ्याला मिळालं ते किरकोळ. "दोघं सारखे पाहिजेत," ती म्हणाली, अस्खलित मराठीत. त्या तासाभरात सैल, ताठ, आखूड, पीळ, तोल, हेलकावा, अडणं असे किती शब्द मुलांच्या तोंडून गेले ते मी मागे बसून लिहून घेत होते. षष्ठी विभक्तीही आली असणार, मोजली नाही.

साहित्य कुठून आणता, असं बरेच जण विचारतात. पुण्याला गेलात तर विद्यापीठाच्या आवारात आयुकामध्ये 'मुक्तांगण विज्ञान शोधिका' बघून या. पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानच्या देणगीतून ती उभी राहिली, आणि इमारतीचं नाव 'पुलस्त्य' – सप्तर्षींतला एक तारा, आणि त्यात 'पुल'ही आले! आयुका उभी करणारे डॉ. जयंत नारळीकर २०२५ मध्ये गेले. मराठी मुलांसाठी त्यांनी जे लिहून ठेवलं आहे ते आपल्या घरात असायलाच हवं. याच शोधिकेत अरविंद गुप्ता यांनी दहा-अकरा वर्षं टाकाऊ वस्तूंतून खेळणी बनवली. ते आयआयटी कानपूरचे इंजिनियर. आगकाड्या, सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी, स्ट्रॉ, जुन्या चपला असं त्यांचं भांडवल. त्यांच्या खेळण्यांच्या छोट्या फिल्म्स आणि बरीच पुस्तकं मराठीतही आहेत आणि फुकट मिळतात. पगोसा स्प्रिंग्जचा उकिरडा आणि पुण्याची ही कचऱ्याची टोपली यांची गाठ कोणी घालून दिली नव्हती, तरी दोन्हींतून निघालं ते एकच.

सासूबाई त्या वर्षी जुलैत परत गेल्या. जाईपर्यंत गॅरेजमध्ये आजी-नातवाचे उद्योग चालायचे: बुटाच्या खोक्याचा कॅमेरा, नारळाच्या करवंटीचा तराजू, एकदा प्रेशर कुकरच्या शिटीवरून झालेलं भांडणसुद्धा, दोघांच्या दोन भाषांत. २०११ मध्ये त्या गेल्या. नातू काही शास्त्रज्ञ झाला नाही. तो लॉस एंजेलिसला जाहिरातीच्या धंद्यात आहे आणि मोडकंतोडकं मराठी बोलतो. गेल्या थँक्सगिव्हिंगला आला होता तेव्हा शेजारच्या छोट्या मुलीला पार्कातल्या झोपाळ्यावर ढकलत होता, आणि मला ऐकू आलं, "नॉट नाऊ... थांब... आता!"

पुढची विज्ञान-दुपार दिवाळीनंतरच्या दुसऱ्या रविवारी, नेहमीच्या कॅफेटेरियात, दोन वाजता. या खेपेला विषय सावल्यांचा आहे. येताना घरून एक टॉर्च, एक पांढरी चादर आणि शक्य असेल तर एक आजी किंवा आजोबा घेऊन यावे. चहा मंडळाचा.