ट्रॉंक आणि तुरुंग

आफ्रिकान्सशी माझी तोंडओळख आडनावांतून झाली. 1991 साली दक्षिण आफ्रिकेचा संघ बहिष्कार संपल्यावर कलकत्त्याला खेळायला आला, तेव्हा गल्लीत बॅटिंग करताना आम्ही पोरं आळीपाळीने वेसल्स आणि कायपर व्हायचो. पुढे कॉलेजात सोवेटोबद्दल वाचलं. 16 जून 1976, शाळेत आफ्रिकान्समधून शिकण्याची सक्ती, त्याविरुद्ध रस्त्यावर उतरलेली मुलं, पोलिसांच्या गोळ्या. ही भाषा मनातून पार उतरली.

नोकरीने केपटाउनला नेलं नसतं, तर ती तशीच राहिली असती. तिथे घरमालकीणबाईंना ‘टानी’ आणि त्यांच्या यजमानांना ‘ऊम’ म्हणायचं, हे लगेच कळलं. आपलं मावशी-काकाच, रक्ताचं नातं असायची गरज नाही. ‘बाया डांकी’, म्हणजे खूप आभार, एवढ्यावर वाण्याकडे निभायचं. व्याकरणही गरीब: पुरुषाप्रमाणे क्रियापद बदलत नाही, नामाला लिंग नाही. नकार मात्र एकाच वाक्यात दोनदा द्यायचा.

टानी जेवणाबरोबर ‘ब्लाटयांग’ वाढायच्या. जर्दाळू, व्हिनेगर, मिरची; चमच्याला चिकटणारी आंबटगोड चटणी. नाव मलायी, आणि तिकडे ते कोळंबीच्या वाटणाचं. समुद्र ओलांडताना कोळंबी गळाली, नाव तेवढं टिकलं. तिथून मी शब्दांच्या मागेच लागलो. ‘बाया’ मलायी, केळ्याचं ‘पीसांग’ मलायी, बशीची ‘पीरिंग’ही. किड्याला ‘खोखा’ म्हणतात, तो मूळच्या खोइखोइ लोकांचा. 1652 नंतर डच कंपनीने इंडोनेशियाची बेटं, बंगाल, मलबार, मादागास्कर इथून गुलाम आणले; मालकांची डच त्यांच्या आणि खोइखोइंच्या तोंडी घासून घासून ही भाषा झाली. केपच्या मदरशांत ती अरबी लिपीत लिहीत. अबू बक्र एफेंदींचं तसं पुस्तक 1877 मध्ये इस्तंबूलला छापलं गेलं. गोऱ्यांची शुद्ध भाषा वगैरे मिरवणाऱ्यांना हे फारसं रुचत नसे.

मग एकदा ‘ट्रॉंक’ भेटला. अर्थ कैदखाना. मूळ पोर्तुगीज ‘ट्रॉंको’, म्हणजे झाडाचं खोड, आणि कैद्याचे पाय अडकवायचं लाकूडही. (आपणही खोडावरूनच खोडा म्हणतो की!) त्याच शब्दाचा आपल्याकडे तुरुंग झाला. आसुडाला ते ‘सांबॉक’ म्हणतात. फारसी चाबूक मलायीच्या वाटेने तिकडे पोचला. मराठी आणि आफ्रिकान्स यांच्यात सामाईक काय, तर तुरुंग आणि चाबूक. हे कळल्यावर बराच वेळ दुसरं काही सुचलं नाही.

मंडेला कैदेत असताना पहारेकऱ्यांची भाषा म्हणून आफ्रिकान्स शिकले. माझ्या मते पहारेकऱ्यांचा हक्क नंतरचा. आधी ती खोड्यात पाय अडकलेल्यांची. आजही ती मातृभाषा म्हणून बोलणाऱ्यांत गोरे निम्म्याहून कमी आहेत.