दाढ काढल्यावर ट्रेमध्ये उरते ते







दंतवैद्याच्या दवाखान्यातला कचरा वजनाने थोडा असतो, पण तो जवळजवळ सगळाच तोंडातून आलेला असतो. त्याला रक्त, लाळ, पू किंवा दातांचा भुगा यांपैकी काहीतरी लागलेलेच असते. रुग्णालयात रुग्णाचे जेवण, कागद, औषधांची खोकी असा निरुपद्रवी कचराच जास्त असतो. दंतवैद्याकडे खुर्चीजवळच्या डब्यात निरुपद्रवी असे फार कमी पडते. शिवाय हे दवाखाने बहुधा राहत्या इमारतीत, किराणा दुकानाच्या वरच्या मजल्यावर किंवा सोसायटीच्या तळमजल्यावर असतात. तिथे एक डॉक्टर, एक असिस्टंट आणि संध्याकाळी झाडू मारायला येणाऱ्या मावशी एवढाच कर्मचारीवर्ग असतो. चुकीच्या पिशवीत गेलेली वस्तू प्रथम या मावशींच्या हाताला लागते, नंतर घंटागाडीवरच्या माणसाच्या, आणि शेवटी कचरावेचक बाईच्या.

भारतात अशा जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम 1998 मध्ये झाले आणि 2016 मध्ये नव्याने लिहिले गेले. जुन्या नियमांतले दहा प्रकार जाऊन चार रंग आले. खाटा नसलेला एका खुर्चीचा दवाखानाही या नियमांच्या कक्षेत येतो. त्याला राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाचे अधिकारपत्र घ्यावे लागते. 75 किलोमीटरच्या आत सामुदायिक प्रक्रिया केंद्र असेल तर कचरा तिथेच द्यावा लागतो. दवाखान्याने स्वतः तो जाळायचा किंवा पुरायचा नाही.

चार रंगांचा अर्थ एका दाढेवरून चांगला कळतो. दाढ काढून झाली की ट्रेमध्ये रक्ताने भिजलेले कॉटन रोल आणि गॉझ, काढलेली दाढ, भूल दिलेली सिरिंज आणि तिची सुई, टाके घातले असतील तर वाकडी सुई, हिरडी कापली असेल तर ब्लेड, सक्शनची प्लास्टिकची नळी, हातमोजे आणि मास्क एवढे उरते. कापूस, गॉझ, मास्क आणि दाढ पिवळ्या पिशवीत जातात, कारण त्यांचा शेवट भट्टीत व्हायचा असतो. सुई काढलेली सिरिंज, सक्शनची नळी आणि हातमोजे लाल पिशवीत जातात. हे प्लास्टिक आणि रबर वाफेने निर्जंतुक करून, तुकडे करून पुन्हा वापरात आणायचे असते. सुया, ब्लेड आणि दात कोरण्याचे बोथट झालेले बर व रूट कॅनालच्या फाइल्स पांढऱ्या, सहज भोक न पडणाऱ्या, न गळणाऱ्या डब्यात जातात. भुलीच्या औषधाची रिकामी काचेची बाटली निळ्या खुणेच्या डब्यात जाते. मास्क पिवळ्या पिशवीत आणि हातमोजे लाल पिशवीत, ही जोडी सर्वांत जास्त वेळा चुकते. दोन्ही एकाच वेळी अंगावरून उतरतात आणि एकाच डब्यात पडतात.

मार्च 2020 मध्ये कोरोनाची साथ आली तेव्हा दंतवैद्यक हा सर्वाधिक धोक्याच्या व्यवसायांपैकी एक ठरला. मिनिटाला तीन-चार लाख फेरे घेणारा एअरोटर, पाण्याचा फवारा मारणारा स्केलर आणि हवा-पाण्याची सिरिंज यांनी रुग्णाची लाळ सूक्ष्म थेंबांच्या रूपात हवेत उडते, आणि डॉक्टरचे तोंड रुग्णाच्या तोंडापासून वीतभर अंतरावर असते. टाळेबंदी लागल्यावर तातडी नसलेले सगळे उपचार थांबले. 19 मे 2020 रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने दंतोपचारांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांनुसार प्रतिबंधित क्षेत्रातले दवाखाने बंद राहिले आणि संसर्ग जास्त असलेल्या रेड झोनमध्ये फक्त अत्यंत तातडीचे उपचार करायचे होते. तो कमी असलेल्या ऑरेंज व ग्रीन झोनमध्ये सल्ला देता येत होता आणि तातडीचे उपचार करता येत होते. रुग्ण कमी झाले, पण प्रत्येक रुग्णामागचा कचरा कितीतरी वाढला. पूर्वी हातमोज्यांची एक जोडी आणि एक मास्क पुरत असे. आता हातमोज्यांच्या दोन जोड्या, एन-95, त्यावर साधा मास्क, टोपी, गाऊन, बुटांवरची आवरणे, खुर्चीवरचे प्लास्टिक, रुग्णाच्या अंगावरचे आवरण आणि दाताभोवती ताणायचा रबर डॅम असा पसारा एका रूट कॅनालमागे जमू लागला.

हीच गोष्ट जगभर, मोठ्या प्रमाणावर घडत होती. मार्च 2020 ते नोव्हेंबर 2021 या काळात संयुक्त राष्ट्रांच्या एका संयुक्त योजनेतून सुमारे 87,000 टन संरक्षक साहित्य देशोदेशी गेले. त्यातले बहुतेक शेवटी कचऱ्यातच जाणार, असा अंदाज जागतिक आरोग्य संघटनेने फेब्रुवारी 2022 च्या अहवालात मांडला. भारतात मे 2021 मध्ये, दुसऱ्या लाटेच्या भरात, केवळ कोरोनाशी निगडित कचरा दिवसाला सरासरी 200 टनांच्या आसपास होता.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने कोरोनाच्या कचऱ्यासाठी मार्च 2020 मध्ये सूचना काढल्या आणि जुलैपर्यंत त्या चार वेळा सुधारल्या. विलगीकरण कक्षातल्या कचऱ्यासाठी दुहेरी पिशवी, त्यावर ‘कोविड-19 कचरा’ अशी ठळक चिठ्ठी, वेगळा डबा, डब्याला आतून-बाहेरून एक टक्का सोडियम हायपोक्लोराइट आणि वेगळी नोंद, असा त्यांचा गाभा होता. संरक्षक पोशाखाचे भागही वाटून दिले गेले. चष्मा, फेसशील्ड, प्लास्टिकचा कव्हरऑल आणि नायट्राइल हातमोजे लाल पिशवीत, तर मास्क, टोपी, बुटांची आवरणे आणि कापडी किंवा अर्धवट प्लास्टिकचा गाऊन पिवळ्या पिशवीत.

दंतवैद्याची अडचण इथेच सुरू होत होती. या सूचना ‘हा रुग्ण बाधित आहे’ किंवा ‘संशयित आहे’ हे ठाऊक असलेल्या कक्षांना समोर ठेवून लिहिल्या होत्या. दवाखान्यात दाढदुखीने तळमळत आलेल्या माणसाला लक्षणे नसत, त्याची तपासणीही झालेली नसे. म्हणून उपचार करताना प्रत्येक रुग्ण बाधित समजण्याचा प्रघात पडला, आणि तो योग्यच होता. मात्र हाच नियम कचऱ्याला लावून अनेकांनी दवाखान्यातले यच्चयावत सगळे पिवळ्या पिशवीत भरायला सुरुवात केली. हे सुरक्षित वाटते, पण आहे अहितकारक. पिवळी पिशवी भट्टीत जाते. तिथे पहिल्या कक्षात 800 आणि दुसऱ्यात 1,050 अंशांच्या आसपास तापमान राखावे लागते. मर्यादेपेक्षा जास्त आणि त्यातही क्लोरीनयुक्त प्लास्टिक कोंबले की डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्ये तयार होण्याचा धोका वाढतो, आणि त्या धुराखाली राहणारी वस्ती सहसा शहरातली सर्वांत गरीब वस्ती असते. जुलै 2020 च्या सुधारित सूचनांत पिवळ्या पिशवीत साधा कचरा भरू नये, असे मुद्दाम सांगावे लागले. रिकामी खोकी, हात पुसलेला टिश्यू, पावत्या यांना पिवळ्या पिशवीत जागा नाही, साथ असली तरी नाही.

2016 चे नियम आणि या सूचना यांत मिळून वरवर परस्परविरोधी दिसणारे दोन आकडे होते. नियमांनुसार दवाखान्याने आपला कचरा 48 तासांपेक्षा जास्त ठेवायचा नाही, तर सूचनांनुसार सर्वसामान्य माणसाने घरी वापरलेला मास्क कागदी पिशवीत 72 तास ठेवून, मग कापून घंटागाडीत द्यायचा होता. 2020 च्या सुरुवातीला प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत हा विषाणू प्लास्टिक आणि स्टीलवर तीन दिवसांपर्यंत, तर पुठ्ठ्यावर एक दिवसापर्यंत टिकलेला आढळला होता. घरचा मास्क कोणत्याही प्रक्रियेविना पालिकेच्या गाडीत आणि तिथून माणसाच्या हातात जाई, म्हणून तिथे जंतुनाशकाचे काम वेळेला करावे लागे. दवाखान्याचा कचरा रक्ताने ओला असतो. तो ठेवला तर कुजतो, गळतो, उंदीर-माशा येतात, आणि पुढे त्यावर प्रक्रिया होणारच असते, म्हणून तो लवकर जायला हवा. तेव्हा कचऱ्याची गाडी एक दिवसाआड येत असेल तर दवाखान्याने रविवार आणि सुट्ट्यांचा हिशेब आधीच करून ठेवणे भाग असते.

हायपोक्लोराइट दंतवैद्याला नवे नाही. रूट कॅनाल धुण्यासाठी ते कपाटात असतेच. बाजारातले पाच टक्क्यांचे द्रावण असेल तर एक भाग त्याचे आणि चार भाग पाणी मिसळले की एक टक्क्याचे होते. ते रोज ताजे करावे लागते, कारण उघड्यावर आणि उन्हात त्याची ताकद उतरते. संडास धुण्याच्या ॲसिडमध्ये ते चुकूनही मिसळू नये, क्लोरीन वायू सुटतो. साथीच्या भीतीने पिशवीच्या आत भरमसाठ हायपोक्लोराइट ओतण्याची सवय काहींना लागली. भट्टीत जाणाऱ्या कापसावर क्लोरीन ओतण्यात काही अर्थ नाही. पिशवीच्या बाहेरून फवारा पुरेसा असतो. सक्शनच्या बाटलीतले रक्तमिश्रित पाणी मात्र निर्जंतुक केल्याशिवाय गटारात सोडू नये.

पुढे संशोधन वाढले तसे हे उघड झाले की कोरोना मुख्यतः हवेतून पसरतो, पृष्ठभागावरून फार कमी. म्हणजे ज्या मास्क-गाऊनच्या ढिगाची सर्वांना धास्ती होती, त्यापेक्षा त्या ढिगात चुकून पडलेली सुई कचरा उचलणाऱ्याला जास्त घातक होती. हिपॅटायटिस बी झालेल्या रुग्णाची सुई लस न घेतलेल्या माणसाला टोचली तर संसर्गाची शक्यता 30 टक्क्यांपर्यंत जाते, हिपॅटायटिस सीची सुमारे 1.8 टक्के आणि एचआयव्हीची सुमारे 0.3 टक्के असते. फेसशील्डवर वाफ साचलेली, हातात दोन-दोन मोजे, कपाळावरून घाम ओघळतो आहे, अशा अवस्थेत सुईला दोन्ही हातांनी टोपण लावणे म्हणजे अपघाताला आमंत्रणच. टोपण ट्रेमध्ये ठेवून एका हाताने सुई त्यात सरकवावी, किंवा थेट नीडल कटरमध्ये घालावी. पांढरा डबा तीन चतुर्थांश भरला की बंद करावा. तो पुन्हा उघडून रिकामा करणे कोणत्याही कारणाने समर्थनीय नाही. असिस्टंट आणि झाडू मारणाऱ्या मावशी यांना हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस देणे नियमानेच मालकावर बंधनकारक आहे, तरी छोट्या दवाखान्यांत हीच गोष्ट सर्वांत जास्त राहून जाते.

काढलेल्या दातांचा एक वेगळा प्रश्न असतो. दंतमहाविद्यालयाच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाची मुले सरावासाठी दवाखान्यांतून दात मागून नेतात. बरण्या भरून दात दिले जातात. तसे द्यायचे तर ते आधी निर्जंतुक करावे लागतात. साध्या दातांना ऑटोक्लेव्ह चालतो. ज्या दातात ‘चांदी’ भरलेली असते, तो मात्र ऑटोक्लेव्हमध्ये घालू नये आणि पिवळ्या पिशवीतही टाकू नये, कारण ती चांदी म्हणजे अमाल्गम, आणि त्यात वजनाने जवळपास निम्मा पारा असतो. उष्णतेने तो हवेत जातो. असे दात दहा टक्के फॉर्मॅलिनमध्ये दोन आठवडे ठेवतात. अमाल्गमचा उरलेला चुरा आणि रिकाम्या कॅप्सूल घट्ट झाकणाच्या बाटलीत वेगळ्या साठवून अधिकृत संकलकाकडे द्यायच्या असतात. पाऱ्याबद्दलचा मिनामाता करार ऑगस्ट 2017 पासून अंमलात आला आणि भारताने 2018 मध्ये त्याला मान्यता दिली. जुन्या पद्धतीच्या एक्स-रे फिल्मच्या पाकिटातला शिशाचा पत्रा आणि फिक्सरमधली चांदी यांनाही साध्या कचऱ्यात किंवा गटारात जागा नाही.

राहता राहिली नोंद. प्रत्येक पिशवीवर बारकोड लागतो, रोजचे वजन रंगवार वहीत लिहावे लागते, सुई टोचणे किंवा सांडलवंड यांसारखा अपघात झाला तर तोही लिहावा लागतो. या नोंदी पाच वर्षे जपायच्या असतात, आणि मागच्या वर्षाचा अहवाल दरवर्षी 30 जूनच्या आत प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे पाठवायचा असतो.