दांडीची सायकल आणि चाळीसगावचा टांगा



आमच्या मुलाचा डावा पाय सायकलवरून पडून मोडला आणि ती सायकल त्याच्या मापाची नव्हती. हे आधीच कबूल करतो. चुलतभावाची जुनी सव्वीस इंची सायकल, मधे आडवी दांडी असलेली. मुलगा नऊ वर्षांचा. सीट अगदी खाली घेतली तरी त्याचे पाय जमिनीला टेकत नव्हते. पण ‘वाढतं वय आहे, चार वर्षं पुरेल’ असं म्हणत आम्ही दोघांनीच ती ठेवून घेतली. मोशीत आमच्या गल्लीच्या उतारावर त्याने ब्रेक दाबला, सायकल कलली, टेकवायला पाय पोचला नाही. नडगीचं हाड मोडलं.

आपल्या घरांत हे नवीन नाही. शाळेची पँट दोन इंच लांब घ्यायची आणि खाली दुमडून शिवायची. बूट एक नंबर मोठा घ्यायचा आणि पुढे कापूस भरायचा. पगार कंत्राटदाराकडून येतो तिथे हा हिशेब चुकीचा आहे असं म्हणण्याची आमची हिंमत नाही. फक्त एवढंच की सैल पँटीने हाड मोडत नाही.

प्लास्टर निघालं तेव्हा तो पाय दुसऱ्यापेक्षा बारीक दिसत होता आणि घोटा नीट वळत नव्हता. मग व्यायाम, मग काठी, मग काठीशिवाय. डॉक्टरांनी सायकलला परवानगी दिली तेव्हा ते दोन गोष्टी म्हणाले. सीटवर बसल्यावर दोन्ही तळवे पूर्ण जमिनीला लागले पाहिजेत, नुसते चवडे नाहीत. आणि चढता-उतरताना पाय उंच उचलून पलीकडे टाकावा लागता कामा नये. तसं करताना काही क्षण सगळा भार एकाच पायावर येतो आणि आपण सगळे डाव्या बाजूने चढतो, म्हणजे तो भार याच्या दुखऱ्या पायावर.

भोसरीतल्या दुकानात आम्ही पाच जण गेलो. आम्ही दोघं, मुलगा, बारा वर्षांची मुलगी आणि आबा. दुकानदाराने समोर ठेवलेल्या सायकली बघण्यासारख्या होत्या. जाड टायर, पुढे-मागे शॉकअप, अंगावर वाघाचे पट्टे. मुलाला म्हटलं, ही दुकानाच्या दारापर्यंत एकट्याने ढकलत ने. नेता आली नाही. स्वस्त सायकलींतले ते शॉकअप धक्का फारसा खात नाहीत, वजन मात्र वाढवतात. ब्रेकची लिव्हर त्याच्या बोटांपासून इतकी लांब होती की दाबायला हँडलवरची पकड सोडावी लागे. (लिव्हरजवळ एक बारीक स्क्रू असतो, तो आत फिरवला की लिव्हर हँडलजवळ येते. दुकानदार आपणहून सांगत नाहीत, विचारा.)

शेवटी मापात बसली ती वीस इंची, हलकी, खाली वाकलेल्या दांडीची. तळवे टेकले, पाय मधून सहज पलीकडे गेला. आणि पोरगं म्हणालं, “ही पोरींची आहे. मी नाही घेणार.”

आम्ही त्याला समजवायला तोंड उघडणार, तेवढ्यात आबा म्हणाले, “दांडीचीच घ्या.”

आबांचं म्हणणं झटकून टाकण्यासारखं नव्हतं. ते १९७२ च्या दुष्काळानंतर मराठवाड्यातून पिंपरीला आले. गावात वेशीजवळ आलं की त्यांना सायकलवरून उतरावं लागे आणि ती हातात धरून पाटलाच्या वाड्यासमोरून न्यावी लागे. पिंपरीत आल्यावर पहिल्या पगारांतून त्यांनी काळी, दांडीची सायकल घेतली आणि तिच्यावर बसून पाळीला गेले, कुणासमोरही न उतरता. त्यांच्या लेखी दांडी म्हणजे नुसती लोखंडाची नळी नाही. नातवाने वाकलेल्या दांडीची सायकल चालवावी हे त्यांना मान खाली घातल्यासारखं वाटलं.

तिथे आम्हाला चाळीसगाव आठवलं. बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये लिहिलेला प्रसंग तुम्हाला माहीतच आहे. १९२९ साल. अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करणाऱ्या सरकारी समितीचे सदस्य म्हणून ते खानदेशात गेलेले. चाळीसगावच्या महारवाड्यात त्यांनी एक रात्र राहावं असा लोकांचा आग्रह. स्टेशनपासून वस्ती चालत जाण्याएवढी जवळ, पण टांगेवाले महाराला बसवून टांगा हाकायला तयार होईनात. अखेर टांगा भाड्याने द्यायचा, हाकणारा तुमचा तुम्ही बघा, असं ठरलं. वस्तीतल्या एकाने लगाम धरला, त्याला टांगा हाकायची सवय नव्हती. नदीवरच्या मोरीवर चाक दगडाला अडलं, बाबासाहेब फरशीवर फेकले गेले, घोडा-टांगा खाली नदीत गेला. बाबासाहेबांचा पाय मोडला.

भाषणांत आपण यातला टांगेवाला सांगतो. बॅरिस्टर झालेल्या माणसापेक्षाही स्वतःला उच्च समजणारा टांगेवाला. ते सांगायलाच हवं. पण त्याच प्रसंगात बाबासाहेबांनी आपल्या माणसांविषयीही एक गोष्ट नोंदवली आहे आणि ती आपण गाळतो. पाहुण्याने पायी चालणं मानाला शोभणार नाही, असं वस्तीला वाटलं. त्या काळजीत पाहुण्याचा जीव त्याच्या मानापेक्षा मोलाचा आहे हे बहुधा विसरलं गेलं, असं ते लिहितात. दोष जातीचाच, मान हिरावला गेला म्हणूनच त्याची एवढी तहान होती. तरी हाड मोडलं ते बाबासाहेबांचं.

आम्ही दुकानातच आबांना हे सांगितलं. ते काही बोलले नाहीत.

मुलगी मात्र बोलली. “मी मागितली होती तेव्हा तुम्ही म्हणालात रस्ता वाईट आहे.”

खरं होतं. तीन वर्षांपूर्वी तिने सायकल मागितली होती. तेव्हा आम्हाला पुणे-नाशिक रस्त्यावरचे कंटेनर दिसले, चाकणला जाणारे ट्रेलर दिसले. तोच रस्ता, तेच ट्रेलर, पण मुलासाठी आम्ही मोठी सायकल ठेवून घेतली. हिंदू कोड बिलावर आम्ही वस्तीत तासभर बोललेलो आहोत. १९५१ चा राजीनामा, सगळं पाठ. आणि घरात पोराला ‘पोरींची सायकल’ हे शिवीसारखं वापरता आलं, ते त्याला कुणी शिकवलं? शाळेने शिकवलं म्हणून सुटता येत नाही. घरात पोरीला सायकलच नसेल, तर ‘पोरींची’ म्हणजे कमी दर्जाची, हे त्याने बघूनच घेतलं असणार.

दोन सायकली एकदम परवडण्यासारख्या नव्हत्या. वीस इंची तिला लागू पडत नव्हती, बसली की गुडघे हँडलला लागत. मग मुलाची घेतली आणि तिच्या चोवीस इंचीसाठी पाचशे रुपये देऊन पावती करून घेतली, तिच्या नावाने. उरलेले बोनसवर. (दिवाळी आम्ही साजरी करत नाही, बोनस घेतो. तो देवाचा नसून कामाचा आहे.) आता तिचा रस्ता ट्रेलरचा आहे म्हणून सायकल नाकारायची नाही. सुरक्षित रस्ता हा हक्क म्हणून मागायचा, वॉर्डात निवेदन घेऊन जायचं, असं आम्ही ठरवलंय. सह्या गोळा करण्याचं काम तिने स्वतःकडे घेतलंय.

पैसे देताना आबा दुकानदाराला म्हणाले, “मागे कॅरेज बसवून द्या, दप्तर राहील.” तेवढंच.

गुरुवारी भोसरी एमआयडीसीत बऱ्याच कारखान्यांना सुट्टी असते, आतले रस्ते मोकळे. आम्ही तिथे गेलो. हेल्मेट घालून तो बसला. त्याला एकच गोष्ट पुन्हापुन्हा सांगत होतो: थांबताना उजवा पाय टेकव, डावा नाही. पहिल्या फेरीत तो विसरला, डावा टेकवला आणि चेहरा आवळला. बहीण सीटला हात लावून मागे धावत होती. दुसऱ्या फेरीला त्याने उजवा टेकवला. तिसऱ्या फेरीला तिला म्हणाला, “हात काढ.”